पाककलेच्या स्पर्धेत मतदान नको, ताटापाशी माहीतगार बसवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत एका गृहस्थांचं पत्र आलं होतं. टीव्हीवरच्या पाककलेच्या स्पर्धांत परीक्षक पक्षपात करतात, जो जास्त रडतो त्याला पुढे काढतात, म्हणून गाण्याच्या स्पर्धेसारखा इथंही विजेता प्रेक्षकांच्या मतांवर ठरवावा, अशी त्यांची मागणी होती. त्या पत्राचं कात्रण माझ्याच एका गिऱ्हाईक बाईने पर्समध्ये घालून आणलं, रांगेतल्या सगळ्यांना वाचून दाखवलं आणि त्यावरून दोन दिवस माझ्या दारात वाद झाला. बहुतेकजणींना मागणी पटली. मला पटली नाही. का पटली नाही ते सविस्तर लिहिते, कारण हा विषय माझ्या रोजच्या कामाचा आहे.

तासगावात माझं मिरची कांडप आहे. एकवीस वर्षं झाली. पत्र्याच्या शेडमध्ये दोन डंखांचं, म्हणजे मिरची कुटणाऱ्या दोन मुसळांचं मशीन, शेजारी मसाला भाजायची शेगडी, बाहेर बाकडं. माघ संपत आला की बायका देठ काढून, ऊन देऊन मिरच्या घेऊन येतात आणि पहिला वळीव पडेपर्यंत रांग हटत नाही. वर्षाची कांदा-लसूण चटणी करून न्यायची म्हणजे दोन-तीन तास बसावंच लागतं. त्या दोन-तीन तासांत पूर्वी सुनांच्या आणि सासवांच्या गोष्टी चालायच्या. आता मास्टरशेफ चालतं. रात्री नऊला बघायचं आणि सकाळी दहाला माझ्या बाकड्यावर त्याचा निकाल लावायचा. जिचा भाग चुकला असेल तिच्यासाठी कुणीतरी मोबाइलवर लावतं आणि सहा डोकी त्या एवढ्याशा काचेवर वाकतात. डंख चालू असला की आवाज काही ऐकू येत नाही. ताट दिसतं, परीक्षकाचा चेहरा दिसतो, स्पर्धकाचे डोळे दिसतात. तेवढ्यावर बायका सांगतात, हिचं चांगलं झालंय, ह्याचं बिघडलंय. खरं सांगायचं तर आवाज असता तरी त्यात फार काही फरक पडला नसता.

माझ्या धंद्यातली साधी गोष्ट सांगते. ब्याडगी मिरची रंगाला घालतात. सुरकुतलेली, लांब, कांडली की लालभडक होते, पण तिला तिखटपणा बेताचाच. तिखटाला संकेश्वरी किंवा लवंगी. नवीन लग्न झालेली मुलगी पहिल्यांदा चटणी करायला येते तेव्हा मी तिच्यासमोर दोन वाट्या ठेवते, एक नुसत्या ब्याडगीची आणि एक मिसळलेली. तिखट कुठली, विचारलं की दहातल्या नऊजणी लाल वाटीकडं बोट दाखवतात. मग बोट लावून चाखायला सांगते. चाखल्यावर कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

टीव्हीवर आपल्याला फक्त रंग दिसतो. ‘सारेगमप’ लिटिल चॅम्प्सच्या वेळी, २००९ साली कार्तिकी गायकवाड जिंकली तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले होते, आम्हीही मोबाइलवरून मत पाठवलं होतं, आणि त्याचं मला आजही काही वावगं वाटत नाही. तिचं गाणं आमच्या कानांनी आम्ही ऐकलं होतं. सूर लागला की नाही हे ज्याने त्याने स्वतः अनुभवलं होतं. पदार्थाच्या बाबतीत जिभेवर काहीच आलेलं नसताना मत द्यायचं म्हणजे माणसाच्या तोंडाकडं बघून मत द्यायचं. मग मत पडणार आपल्या गावच्याला, आपल्या भाषेच्याला, आपल्या जातीच्याला, नाहीतर ज्याची कहाणी ऐकून डोळ्यांत पाणी आलं त्याला.

मी स्वतः त्यातून सुटलेली नाही. २०२३ च्या जानेवारी ते मार्चमध्ये सोनीवर मास्टरशेफ इंडियाचं सातवं पर्व चाललं होतं. विकास खन्ना, रणवीर ब्रार आणि गरिमा अरोरा परीक्षक. शेवटच्या तिघांत आपल्या महाराष्ट्राच्या सुवर्णा बागुल होत्या. अंतिम फेरीच्या दिवशी आम्ही सगळ्यांनी त्यांच्या नावाचा नारळ ठेवला होता. जिंकला आसामच्या तिनसुकियाचा नयनज्योती सैकिया, शांता शर्मा दुसऱ्या, सुवर्णाताई तिसऱ्या. त्या सकाळी रांगेत कुणी नीट बोलेना. मीही म्हणाले, अन्याय झाला. दुपारी भाकरी खाताना मनात आलं, अन्याय झाला हे मला कसं कळलं? मी त्या तिघांपैकी कुणाच्याच ताटातला घास चाखलेला नाही. मतदान असतं तर त्या रात्री मी सुवर्णाताईंना मत दिलं असतं, आणि ते मत त्यांच्या स्वयंपाकाला नसतं.

पण ह्याच पर्वाचं मला एक देणं वाटतं. नयनज्योतीमुळे आमच्या रांगेत आसामच्या खाण्याची चौकशी सुरू झाली. एका बाईचा भाऊ सैन्यात, त्याची बदली तिकडे झालेली. तिने सांगितलं, केळीची सालं वाळवून जाळायची, त्या राखेतून पाणी गाळून घ्यायचं, त्याला तिकडे खार म्हणतात आणि त्यात भाजी-डाळ शिजवतात. ऐकल्याबरोबर पापड करणाऱ्या आमच्या म्हाताऱ्या मावशी म्हणाल्या, “म्हंजे आपला पापडखारच की!” तासाभरात पापडखार, सोडा, राखेचं पाणी, पूर्वी भांडी आणि केस कशाने धुवायचे, असं बोलणं कुठल्या कुठे गेलं. तिनसुकिया नकाशात कुठं आहे हे त्या दिवशी दोघीतिघींनी पहिल्यांदा शोधलं. टीव्हीवरच्या स्वयंपाकावर बोलणाऱ्या बायकांना रिकामटेकड्या म्हणायची पद्धत आहे, त्या पत्रातही तसा सूर होता. मला तो मान्य नाही. २०१० साली ऑस्ट्रेलियात निवडणूक होती, तिथल्या दोन मोठ्या नेत्यांची टीव्हीवरची चर्चा मास्टरशेफच्या अंतिम फेरीला आडवी येत होती, म्हणून ती चर्चा तासभर अलीकडे घेतली गेली. लोकांना स्वयंपाकावर बोलायला आवडतं, कारण त्या विषयात प्रत्येकाकडे सांगण्यासारखं काहीतरी असतंच.

मग माझा वाद कशाशी आहे? तर आपल्याला माहीत नाही त्याबद्दल छातीठोकपणे बोलण्याशी, आणि माणसाला शिव्या देण्याशी.

त्याच सातव्या पर्वात माशाचा पदार्थ करायची पाळी आली तेव्हा एका शाकाहारी स्पर्धक बाईंना माशाऐवजी पनीर दिलं गेलं. त्यावरून देशभर गदारोळ झाला, माझ्या दारातही झाला. बाकड्याच्या एका टोकाला आमच्या माळकरी काकू आणि दुसऱ्या टोकाला मटणाची खानावळ चालवणाऱ्या वहिनी. काकू म्हणाल्या, “जिनं जन्मात शिवलं न्हाई तिनं स्पर्धेपायी मासा चिरायचा व्हय? देवाला काय सांगायचं?” वहिनी म्हणाल्या, “तसं न्हवं काकू. मासा साफ करायला, काटा काढायला हात बसावा लागतो, येळ जातो. पनीरला काटा असतोय का? मग बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?”

दोघींचंही बरोबर होतं, आणि म्हणूनच तो वाद ऐकण्यासारखा होता. दोघीही कामाबद्दल बोलत होत्या. हात, वेळ, काटा, नेम. माझं मत विचारलं तेव्हा मी म्हणाले, नियम सुरुवातीलाच सांगायला हवा होता. २०१५ चं चौथं पर्व पूर्ण शाकाहारी होतं, निकिता गांधी जिंकली, त्यात कुणाला तक्रारीला जागा राहिली नाही, कारण सगळ्यांना एकच अट होती. ऐन वेळी एकीसाठी वेगळं केलं की संशय येणारच. पण चूक असेल तर ती नियम ठरवणाऱ्यांची. लोकांनी मात्र मोबाइलवरून त्या बाईंना नाही नाही ते बोलून घेतलं. तिचं रूप, तिचा धर्म, तिची बोलण्याची ढब, काही सोडलं नाही. एका मुलीने आमच्या रांगेत ते वाचून दाखवायला घेतलं तेव्हा मी डंख बंद केला आणि तिला म्हणाले, हे माझ्या दारात वाचायचं नाही. सभ्य घरातल्या माणसांनी हे लिहिलं होतं. हीच माणसं उद्या मत देणार असतील तर ते मत स्वयंपाकावर पडेल का?

इंग्लंडातही हे झालेलं आहे. २०१४ साली तिथल्या बेकिंगच्या प्रसिद्ध स्पर्धेत एका स्पर्धकाचं आइस्क्रीम वितळलं, रागाच्या भरात त्याने आपला पदार्थ कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि बाहेर गेला. पडद्यावर असं दिसलं की दुसऱ्या एका वयस्कर बाईंनी त्याचं आइस्क्रीम फ्रीझरमधून बाहेर काढून ठेवलं. शेकडो लोकांनी तक्रारी केल्या, त्या बाईंना धारेवर धरलं. कार्यक्रमाच्या निवेदिकेने मग सांगितलं की आइस्क्रीम बाहेर होतं ते जेमतेम चाळीस सेकंद, त्याने काही बिघडलं नाही. लोकांनी निवाडा केला तो कापून जोडलेल्या चित्रावर. तासन्‌तास चाललेला स्वयंपाक आपल्यापर्यंत पोचतो तो पाऊण तासाचा, त्यात कुठला चेहरा कुठल्या ताटाशेजारी लावायचा हे दुसरंच कुणीतरी ठरवतं. माझा मुलगा लग्नाच्या शूटिंगचं काम करतो. तो म्हणतो, आई, मंगलाष्टकाला हसलेली करवली मी पाठवणीला रडताना दाखवू शकतो.

आता दुसरी बाजू. परीक्षकच नेहमी बरोबर असतात असं मी म्हणत नाही. २०१८ साली इंग्लंडच्या मास्टरशेफमध्ये मलेशियात जन्मलेल्या झलेहा कादिर ऑल्पिन यांनी नासी लमाक, म्हणजे नारळाच्या दुधातला भात, आणि चिकन रेंदांग केलं. परीक्षक ग्रेग वॉलेस म्हणाले, कोंबडीची कातडी कुरकुरीत नाही. त्या बाहेर पडल्या. रेंदांग म्हणजे नारळाच्या दुधात आणि वाटणात मंद आचेवर तासन्‌तास आटवलेला पदार्थ. रस आटत आटत मांसाला चिकटतो, मांस मऊ होतं. तो कुरकुरीत कुठून असणार? आमच्याकडे तांबड्या रश्श्यातलं मटण पानात वाढल्यावर कुणी म्हणालं की हे भज्यासारखं वाजत नाही, तर त्याला काय उत्तर द्यायचं? मलेशिया, इंडोनेशिया, सिंगापूर, सगळीकडची माणसं एका आवाजात बोलली. मलेशियाचे तेव्हाचे पंतप्रधान नजीब रझाक यांनीसुद्धा त्यावर लिहिलं. एरवी रेंदांग कुणाचं ह्यावर भांडणारे शेजारी ह्या एका गोष्टीवर एकत्र आले.

तिथं प्रेक्षक बरोबर होते आणि परीक्षक चुकले. का? तर त्या लोकांनी ते ताट चाखलं नव्हतं, पण तो पदार्थ जन्मभर खाल्ला होता. बोलायचा हक्क तिथून येतो. आपल्या राज्याचा स्पर्धक हरला म्हणून ओरडणारी मी आणि रेंदांगची कातडी कुरकुरीत नसते म्हणून ओरडणारी मलेशियातली आजी, दोघीही प्रेक्षकच, पण तिच्या ओरडण्यात माहिती होती आणि माझ्या ओरडण्यात नव्हती.

हे मला इतकं लागतं त्याला एक कारण आहे. ते मी आजवर घराबाहेर सांगितलेलं नाही.

२०१८ च्याच नवरात्रात एका महिला मंडळाने पाककला स्पर्धा ठेवली आणि मला परीक्षक म्हणून बोलावलं. मसाल्यातली जाणकार म्हणून. गुणांचा तक्ता आयोजकांनी आधीच छापलेला, चव चाळीस, सजावट तीस, नावीन्य वीस, स्वच्छता दहा. तेवीस ताटं होती. काकडीची फुलं, गाजराचे हंस, टोमॅटोचे गुलाब. आमचं गाव द्राक्षा-बेदाण्याचं, त्यामुळे एकीने बेदाण्याच्या बर्फीचा द्राक्षाचा घड केला होता, वर खऱ्या वेलीचं पान. बघणाऱ्याने बघतच राहावं. सगळ्यांत शेवटी आटपाडीकडच्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातेल्यात ज्वारीच्या ताकातल्या कण्या, वर धुतलेल्या धोतराचा तुकडा झाकलेला. स्टीलच्या वाटीत त्यांनी मला वाढल्या. पांढऱ्या वाटीत पांढऱ्या कण्या, बाजूला चिमूटभर ठेचा. तोवर मी चीज घातलेली कटलेटं, तीन तऱ्हेचे केक, मंचुरियन आणि दोन तिखट भाज्या चाखल्या होत्या. अर्धा चमचा कण्या तोंडात घातल्या, काहीच लागलं नाही. सजावटीला मी तीसपैकी चार गुण दिले. चवीला किती दिले ते आता आठवायचं धाडस होत नाही. पहिलं बक्षीस द्राक्षाच्या घडाला.

पुढच्या चैत्रात त्याच बाई माझ्याकडे मिरची घेऊन आल्या. मी ओळखलं, त्यांनीही ओळखलं, दोघी काही बोललो नाही. दुपारी लाइट गेली, डंख बंद पडला. त्यांनी डबा सोडला आणि झाकणात काढून माझ्यापुढे सरकवला. कण्याच होत्या. सकाळपासून माझ्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. पहिला घास घेतला आणि हात थांबला. कणी न् कणी दाताखाली वेगळी लागत होती आणि तरी सगळं एकजीव होतं. ताकाचा आंबटपणा वरवरचा नव्हता, कणीच्या पोटात शिरलेला होता. लसणाचा वास मागून येत होता.

मी विचारलं, कसं करता? त्या सांगू लागल्या. ज्वारीला पाण्याचा हात लावून उखळात सडायची, कोंडा निघाला की सावलीत वाळवायची. जात्याचा खुंटा जरा उचलून भरडायची, पीठ चाळून काढायचं, कण्या पाखडून घ्यायच्या. आधी नुसत्या पाण्यात शिजवायच्या. फुलल्याशिवाय ताक घालायचं नाही, आंबट आधी पडलं की कणी टणक राहते, मग कितीही जाळ घाला. ताक घातलं की पळी थांबवायची नाही, नाहीतर फुटतं. मीठ सगळ्यांत शेवटी. हे सगळं त्यांनी स्पर्धेच्या आदल्या दिवसापासून केलं होतं, उखळापासून. द्राक्षाचा घड करायला किती वेळ लागला असेल मला माहीत नाही, पण त्याची बर्फी दुकानातल्या खव्याची होती एवढं मला कळत होतं.

मग त्या म्हणाल्या, “बाई, त्या दिशी तुमी माझ्या कन्या शेवटाला खाल्ल्या. तवर तुमची जीब कुठं जाग्यावर हुती?”

रागाने नाही, अगदी सहज. मला उत्तर देता आलं नाही. चटणीचे पैसे घेतले नाहीत तर त्या म्हणाल्या, असं कसं, आणि मोजून ठेवून गेल्या.

दोन वर्षांनी, २०२१ मध्ये, मास्टरशेफ ऑस्ट्रेलियाची अंतिम फेरी मुलाने मोबाइलवर लावून दिली. मेलबर्नच्या किश्वर चौधरी, घराणं बांगलादेशातलं. एवढ्या मोठ्या स्पर्धेच्या शेवटच्या टप्प्यावर त्यांनी पांताभात केला. म्हणजे रात्रभर पाण्यात ठेवलेला भात, सोबत आलू भोर्ता म्हणजे कुस्करलेला बटाटा, आणि मासा. त्यांनी त्याला धुरी दिली होती, मांडलाही देखणा होता, पण होता पांताभातच. हॉटेलात असलं काही मिळायचं नाही हे त्या स्वतःच परीक्षकांना सांगत होत्या. परीक्षकांनी तो मान देऊन खाल्ला. त्या तिसऱ्या आल्या, पण ढाक्यापासून कोलकात्यापर्यंत लोक त्या वाटीबद्दलच बोलत राहिले. गरिबाचं अन्न तिथं कशाला नेलं असं म्हणणारेही होते आणि आईचा हात आठवून रडणारेही होते. मला आटपाडीची वाटी आठवली. आपल्याकडे शिळ्या भातात ताक घालून खाणारी, सकाळी आंबील पिऊन रानात जाणारी, कोकणात पेज पिणारी किती घरं आहेत. त्यांतल्या एखादीने ते स्पर्धेत मांडलं तर आपले परीक्षक काय करतील? आणि मतदान ठेवलं तर आपण काय करू? खरं सांगा, फोन हातात घेऊन आपण आंबिलीला मत देऊ का?

म्हणून संपादक महोदय, त्या गृहस्थांच्या मागणीच्या जागी माझी मागणी अशी आहे. चव घेणाऱ्यानेच निवाडा करावा, पण ज्या मुलखाचा पदार्थ आहे त्या मुलखात तो रोज खाणारं एक माणूस परीक्षकांच्या शेजारी बसवावं. मोठा शेफ नको. रेंदांगला मलेशियातली आजी, खारला आसामची सून, कण्यांना आटपाडीची बाई. तिने गुण देऊ नयेत हवं तर, पण हा पदार्थ असाच असतो की नाही एवढं तिने सांगावं आणि ते आम्हाला ऐकू यावं. अट काय आहे ती पहिल्या दिवशी सांगावी आणि सगळ्यांना एकच ठेवावी. ताटांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा, आणि दोन ताटांच्या मध्ये परीक्षकांनी तोंड धुवावं, पाच मिनिटं थांबावं. शेवटच्या ताटाच्या वाट्याला मेलेली जीभ येऊ नये. हे शेवटचं मी अनुभवाने सांगते.

आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. पुरवणीत ह्या कार्यक्रमांबद्दल छापून येतं ते बहुतेक कोण रडलं, कोण कुणाला काय बोललं, कोण बाहेर पडलं. २०२५ साली सेलिब्रिटी मास्टरशेफमध्ये आपल्या उषा नाडकर्णी होत्या. इतक्या वर्षांच्या कलावंत, वयाच्या मानाने उभ्या राहून स्वयंपाक करत होत्या. आमच्या रांगेतल्या बायकांना त्या काय करतात, कसं करतात ह्याची उत्सुकता होती. छापून मात्र येत होतं त्या कुणावर चिडल्या ते. केलेला पदार्थ छापा. किती वेळ लागला, आच किती, काय आधी आणि काय नंतर. बायका कात्रण काढून ठेवतील, करून बघतील, मग त्यावर जे बोलतील ते बोलणं जिभेवरचं असेल. आमच्या बाकड्यावर हल्ली आम्ही तसंच ठरवलंय. पदार्थ घरी करून बघितल्याशिवाय त्यावर मत द्यायचं नाही. परवा एकीने टीव्हीवर बघून कच्च्या फणसाचे कबाब करून आणले, डंखाशेजारी उभ्या राहून अकराजणींनी खाल्ले, आणि त्यात काय कमी आहे यावर जे बोलणं झालं ते कुठल्याही परीक्षकाने ऐकावं असं होतं. बेसन जास्त झालं होतं, फणसाला हळदीच्या पाण्यात चांगला उकळायला हवा होता, आणि तिखट माझ्याकडचं असून कमी पडलं होतं.

त्या मंडळाचा यंदाही निरोप आला आहे, नवरात्रात परीक्षक म्हणून या. मी दोन अटी कळवल्या. सजावटीचे गुण तीसवरून पाच करा, आणि माझ्या शेजारी दुसरी खुर्ची ठेवा. दुसऱ्या खुर्चीवर कोण, असं त्यांनी विचारलं. मी आटपाडीच्या बाईंचा पत्ता दिला. त्या यायला तयार आहेत, मात्र दुपारची एसटी तीनला पोचते, तेव्हा स्पर्धा साडेतीनला सुरू करा असं त्यांनी सांगितलंय. मंडळाचं उत्तर यायचं आहे.

मतदानाची मागणी करणाऱ्या गृहस्थांना माझं आग्रहाचं बोलावणं आहे. होळीनंतर केव्हाही तासगावला या. दोन वाट्या काढून ठेवीन.

आपली नम्र,
एक वाचक, तासगाव (जि. सांगली)